टक्के किती पडले?

आमच्या मामांना दानधर्माचं वावडं आहे असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. मामांना दान मनापासून आवडतं. ते दुसऱ्याने केलेलं असावं, रोख असावं आणि आकडा जाहीर झालेला असावा, एवढंच त्यांचं म्हणणं. आकडा कळला की मामा शर्टाच्या खिशातलं बॉलपेन काढतात, टपालाच्या पाकिटाच्या पाठीवर भागाकार मांडतात आणि चष्म्याच्या वरून बघत विचारतात, "पण टक्के किती पडले?"

दहावीच्या निकालादिवशी हा प्रश्न ज्याला कोणी विचारला नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. मला तो मामांनी मँचेस्टरहून फोन करून विचारला होता. मी एकाहत्तर म्हणालो. पलीकडे शांतता. मग आवाज आला, "एवढे क्लास लावून एकाहत्तर?" परदेशातून फोन करायला तेव्हा मिनिटागणिक पैसे पडत. एवढ्या एका वाक्यासाठी मामांनी ते मोजले.

मामा मूळचे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले. लहानपणी गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक त्यांच्या हातात असे, आणि त्यांच्या स्वभावाचं सगळं मूळ त्या पावतीपुस्तकात आहे. वर्गणी मागायला गेलेलं पोर माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, त्याच्या दुकानाकडे बघतं. शटर किती रुंद, गल्ल्यावर कोण बसलंय, आत माल किती. मग दुकानदाराने अकरा रुपये पुढे केले की बारा वर्षांचे मामा चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "एवढं मोठं दुकान, आणि अकरा?" दुकानदार मुकाट्याने एकवीस करायचा. पावती फाडताना मामांना जे समाधान मिळायचं ते पुढे चार्टर्ड अकाउंटंट होऊनही मिळालं नाही असं ते स्वतः सांगतात. स्वतःच्या घरची वर्गणी किती, हे मात्र पेठेत कोणाला आठवत नाही.

दुसरं मूळ फुटबॉलचं. कोल्हापूरबाहेरच्या लोकांना हे सांगून पटत नाही, पण आमच्याकडे फुटबॉल ही पेठेची भाऊबंदकी आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे संघ समोरासमोर आले की त्या संध्याकाळी सोयरीकसुद्धा जपून बोलावी लागते. असे मामा सत्तरच्या दशकात मँचेस्टरला पोचले. पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याने विचारलं, लाल की निळा? मामांना वाटलं, हा पेठ विचारतोय. घरमालक निळा होता म्हणून हेही निळे झाले. तेव्हापासून मँचेस्टर सिटी ही आपली पेठ आणि मँचेस्टर युनायटेड ही पलीकडची पेठ. सिटीने १९६८ साली लीग जिंकली होती, ती परत जिंकायला २०१२ उजाडलं. मधल्या काळात मामांचं लग्न झालं, मुलगी झाली, ती डॉक्टर झाली, केस गेले. पेठ बदलली नाही.

मी एमएससी करायला गेलो आणि मामांच्या घरातल्या सगळ्यात लहान खोलीत राहिलो. सहा महिन्यांत कोविड आला. १३ मार्च २०२० ला प्रीमियर लीग थांबली, २३ मार्चला देश घरात बसला. मामी आणि मी विषाणूला घाबरलो होतो. मामांसमोर वेगळंच संकट होतं: शनिवारी दुपारी तीन वाजता करायचं काय? त्यांच्याकडे एक लांबट वही होती, त्यात पन्नास वर्षांचे निकाल मांडलेले. ती वही त्यांनी उलटी फिरवली आणि मागच्या बाजूने, साथीसाठी दान देणाऱ्या फुटबॉलवाल्यांकरता, नवे रकाने आखले. नाव. क्लब. दिलेली रक्कम. वार्षिक उत्पन्न. टक्के. शेरा.

पहिला बसला मेस्सी. त्याने बार्सिलोनातल्या एका रुग्णालयाला आणि मायदेशी अर्जेंटिनात मिळून १० लाख युरो दिले होते. वाचून मी "अरे वा" म्हणालो. मामांनी हात वर करून मला थांबवलं. फोर्ब्सच्या २०१९ च्या यादीत मेस्सीची वर्षाची कमाई १२ कोटी ७० लाख डॉलर. पाकीट, बॉलपेन, भागाकार. "एक टक्कासुद्धा भरत नाही." वहीत शेरा पडला: हुशार आहे, अभ्यास करत नाही.

मग बार्सिलोनाच्या खेळाडूंनी पगारात ७० टक्के कपात घेतली आणि क्लबच्या बाकीच्या नोकरांना पूर्ण पगार मिळावा म्हणून वर आणखी भर घातली, अशी बातमी आली. "आता?" मी विचारलं. "तो वेगळा पेपर," मामा म्हणाले. "पगारकपात म्हणजे दान नव्हे. दोन विषयांचे मार्क एकत्र करायचे नसतात."

बायर्न म्युनिकच्या किमिच आणि गोरेट्स्का यांनी १० लाख युरो घालून स्वतःचा निधीच उघडला आणि इतरांनाही त्यात पैसे घालायला लावले. मामांनी आधी दहाला दोनाने भागलं. "प्रत्येकी पाच." लेवांडोव्स्की आणि त्याच्या बायकोने मिळून दहा लाख दिले. "हिंदू अविभक्त कुटुंब," मामा पुटपुटले आणि एकाच खात्यावर मांडलं. गार्डिओलानेही १० लाख युरो दिले. तो तेव्हा सिटीचा प्रशिक्षक, म्हणजे आपल्या पेठेचा वस्ताद. तिथे टक्क्यांचा रकाना कोराच राहिला. मी बोट ठेवून दाखवलं तर म्हणाले, "घरच्या माणसाचा पगार विचारू नये. संस्कार म्हणून काही असतं." ६ एप्रिलला त्याच गार्डिओलाची आई कोविडने गेल्याची बातमी आली. त्या दिवशी वही उघडली नाही.

सादिओ माने तेव्हा लिव्हरपूलचा. त्याने सेनेगलला तीन कोटी दिल्याचं मीच मामांना सांगितलं. मामा खुर्चीतून अर्धे उठले. मग कळलं की हे तीन कोटी सीएफए फ्रँक, म्हणजे साधारण ४५ हजार युरो. मामा परत बसले ते असे, की जणू मानेनेच त्यांना ढकललं. तेवढ्यात आतून मामी म्हणाल्या, "अहो, तो आपल्या गावात दवाखाना बांधतोय. गावात दवाखाना नव्हता म्हणून त्याचे वडील गेले, हा लहान होता तेव्हा. शाळा तर बांधलीसुद्धा." मामांनी विचार केला. विचार करताना ते दात कोरतात. "शाळा गेल्या वर्षीची," ते म्हणाले. "चालू आर्थिक वर्षात धरता येणार नाही."

रोनाल्डोची गोष्ट मामांना आजही काढलेली आवडत नाही. मार्चच्या मध्यावर आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर, जयसिंगपूरच्या मावशीकडून, निरोप आला की रोनाल्डोने पोर्तुगालमधली आपली हॉटेलं मोफत रुग्णालयं करून टाकली, डॉक्टरांचे पगारही तोच देणार. खाली हात जोडल्याच्या चौदा खुणा. मामांनी अख्खी रात्र घातली. खोल्या किती, एका रात्रीचं भाडं किती, मार्चमध्ये किती खोल्या एरवीही रिकाम्या असतात, त्या वजा करायच्या. सकाळी सहाला त्यांनी मला उठवून आकडा सांगितला. दुपारी हॉटेलनेच कळवलं की असं काही नाही, आम्ही हॉटेल आहोत आणि हॉटेलच राहणार. बातमी खोटी निघाल्याचं मामांना दुःख नव्हतं. वाया गेला तो भागाकार. पुढे रोनाल्डो आणि त्याचा एजंट मेंडिश यांनी लिस्बन आणि पोर्तूच्या रुग्णालयांत अतिदक्षता विभागाच्या खाटांचा खर्च खरोखर उचलला. तेव्हा मामांनी नोंद केली, पण शेरा दिला: गैरहजर राहून नंतर परीक्षा दिली.

आता कोणी म्हणेल की एक निवृत्त हिशेबनीस घरात अडकला आणि त्याने वेळ घालवायला छंद लावून घेतला, यात एवढं काय. पण त्या वसंतात मामा एकटे नव्हते. अख्खं इंग्लंड पाकिटाच्या पाठीवर भागाकार करत होतं. २ एप्रिलला तर आरोग्यमंत्री मॅट हॅन्कॉक टीव्हीवर येऊन म्हणाले की प्रीमियर लीगच्या खेळाडूंनी पगारात कपात घ्यावी आणि आपला वाटा उचलावा. मामांनी टीव्हीला टाळी दिली. देशाचा मंत्री, मागे झेंडे, पुढे साथीने रोज मरणाऱ्यांचे आकडे, आणि तोही शेवटी तेच म्हणत होता: एवढं मोठं दुकान, आणि अकरा?

मामांचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. प्रीमियर लीगमध्ये पहिल्या संघातल्या खेळाडूचा सरासरी पगार तेव्हा वर्षाला ३० लाख पौंडांच्या पुढे होता. नव्याने लागलेल्या नर्सला मिळत सुमारे २५ हजार. "एका खेळाडूत एकशेवीस नर्सा बसतात," मामा म्हणाले. हे वाक्य त्यांनी त्या आठवड्यात फोनवर बावीस जणांना ऐकवलं. लीड्सच्या रुग्णालयात भूल देणाऱ्या त्यांच्या मुलीलाही. आमची ताई नुकतीच रात्रपाळी करून आली होती. ती म्हणाली, "बाबा, मला खेळाडूंचे पैसे नकोत. मला मास्क हवाय आणि सहा तास झोप." फोन ठेवून मामा म्हणाले, "पोरगी दमलीय, म्हणून असं बोलते."

मला मात्र एक गोष्ट तेव्हाही खटकत होती. मंत्र्यांना फुटबॉलपटूच का आठवले? लंडनच्या सिटी भागात काचेच्या इमारतींत बसून पैशाला पैसा जोडणारे कमी आहेत का? पण त्यांची नावं कोणाच्या शर्टाच्या पाठीवर छापलेली नसतात. विशी-पंचविशीतलं पोर, बऱ्याचदा गरीब वस्तीतून आलेलं, पिवळ्याजर्द गाडीतून फिरतं, त्याचा पगार दर शुक्रवारी पेपरात येतो. परीक्षेला बसवायला असा विद्यार्थी फार सोयीचा. क्लबांचे मालक कुठल्या कुठल्या देशांत बसलेले. त्यांना हॉलतिकीटच गेलं नव्हतं.

मग ४ एप्रिल आला. खेळाडूंच्या संघटनेने पत्रक काढलं: सगळ्यांनी वर्षभर ३० टक्के कपात घेतली तर पगाराचे ५० कोटी पौंडांहून अधिक वाचतील खरे, पण सरकारला मिळणाऱ्या करात २० कोटींहून अधिक घट होईल. आरोग्यसेवा चालते ती करातूनच. मामा हे पत्रक फेटाळायलाच बसले होते. मोठ्या कमाईवर तिथे आयकर ४५ टक्के, वर राष्ट्रीय विम्याचे २. शंभरातले सत्तेचाळीस सरकारजमा. पाकिटाच्या पाठीवर जागा संपली, तेव्हा त्यांनी गॅसच्या बिलावर सुरू केलं. कपात केलेला पैसा खेळाडूच्या खिशातून निघतो, तो जातो कुठे? नर्सकडे? नाही. क्लबच्या तिजोरीत राहतो. आणि जाताना सरकारचा हिस्साही घेऊन जातो.

मामा बराच वेळ त्या बिलाकडे बघत राहिले. हिशेब बरोबर होता. तोच त्यांना लागला होता. "मामी, चहा टाका," मी म्हणालो. रात्री जेवताना मामांनी एकाही फुटबॉलपटूचं नाव काढलं नाही. आमटीत मीठ जास्त होतं, तेसुद्धा बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात दुकानांचे खरे मालक उजेडात आले. टॉटनहॅमने ३१ मार्चला आपल्या ५५० बिगरखेळाडू नोकरांच्या पगाराला २० टक्के कात्री लावली आणि सरकारच्या फर्लो योजनेचा आधार घेतला. म्हणजे माणूस घरी बसवायचा आणि त्याच्या पगाराचे ८० टक्के, महिना अडीच हजार पौंडांपर्यंत, सरकारकडून घ्यायचे. ही योजना बुडू घातलेल्या खानावळी आणि केशकर्तनालयांसाठी आहे अशी लोकांची समजूत होती. ४ एप्रिलला लिव्हरपूलनेही तेच केलं. आदल्या वर्षी त्यांना ४ कोटी २० लाख पौंड नफा झाला होता. पाठीराख्यांनी एवढी बोंब मारली की दोन दिवसांत क्लबने माफी मागून निर्णय फिरवला. टॉटनहॅमलाही १३ एप्रिलला तो फिरवावा लागला. मामा सुखावले. त्यांच्या सिटीने फर्लोला हात लावला नव्हता. लावला नव्हता पलीकडच्या पेठेनेही, पण ते वहीत लहान अक्षरात आहे. दोन्ही पेठांनी मिळून शहरातल्या फूड बँकांसाठी एक लाख पौंडही दिले होते. "निम्मे आपले," मामा म्हणाले.

८ एप्रिलला मामांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट प्रकार घडला. लिव्हरपूलचा कर्णधार जॉर्डन हेंडरसन आणि इतर क्लबांचे कर्णधार गेले काही दिवस फोनवर फोन करत होते, त्यातून प्लेयर्स टुगेदर नावाचा निधी उभा राहिला. पैसे राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या धर्मादाय संस्थांना, नर्सा, सफाईवाले, स्वयंसेवक यांच्या कामी. सगळ्या खेळाडूंनी एकाच संध्याकाळी एकच निवेदन टाकलं. मामांनी ते वरून खाली वाचलं. मग खालून वर वाचलं. मग माझ्या हातात फोन दिला. "आकडा कुठाय?"

आकडा नव्हता. कोणी किती घातले हे जाहीर करायचं नाही असं त्या पोरांनी ठरवलं होतं. वीस क्लबांतले शेकडो खेळाडू, आणि वहीत एकही रकाना भरता येईना. "हे दान कसलं?" मामा येरझाऱ्या घालू लागले. "उद्या कोणी पाच पौंड टाकेल आणि मिरवेल."

"कसा मिरवेल? आकडा कळलाच नाही तर?"

"तेच म्हणतोय मी! मिरवायचं नाही तर द्यायचं कशाला?"

मामी कणीक मळत होत्या. गल्लीत दोन घरं सोडून एक केरळची नर्स राहायची, एकटी, नवरा-मुलं तिकडे अडकलेली. तिच्या दाराशी मामी एक दिवसाआड पोळ्या आणि एक भाजी ठेवत, बेल वाजवत आणि मागे सरत. मामांनी त्याचाही हिशेब केला होता: महिन्याला इतकी कणीक, इतकं तेल, इतका गॅस. कणकेचा हात तसाच ठेवून मामी म्हणाल्या, "मेस्सीचे झाले, मानेचे झाले. तुमचे टक्के किती पडले?"

मी आयुष्यात पहिल्यांदा मामांना बॉलपेन खिशात परत ठेवताना पाहिलं. "माझा निकाल राखीव आहे," ते म्हणाले.

बोर्डाच्या भाषेत याचा अर्थ काय ते मराठी वाचकाला सांगायला नको.

दर गुरुवारी रात्री आठ वाजता देशभर दारात येऊन डॉक्टर-नर्सांसाठी टाळ्या वाजवायचा कार्यक्रम असे. मामा एकही गुरुवार चुकले नाहीत. ते कुकरचं झाकण वाजवायचे. शेवटच्या गुरुवारी, २८ मेला, झाकणाला पोचा आला आणि शिटी बसेना. मामी तो पोचा दाखवून म्हणाल्या, "घ्या, हा धरा वर्गणीत."

आता रॅशफर्ड. मार्कस रॅशफर्ड हा मामांच्या दृष्टीने तीन कारणांनी नापास होता: युनायटेडचा, युनायटेडचा आणि डाव्या बाजूने पळताना सिटीला त्रास देणारा. वय बावीस. आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवरच्या विदनशॉ वस्तीत वाढलेला. आई एकटीने कामं करून पाच पोरं सांभाळायची, आणि पोरगं शाळेत मिळणाऱ्या मोफत जेवणावर दिवस काढायचं. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, म्हणजे तसल्या पोरांचं शाळेतलं जेवणही बंद. तेव्हा तो फेअरशेअर या अन्न वाटणाऱ्या संस्थेबरोबर उभा राहिला. जूनपर्यंत तिथे २ कोटी पौंडांच्या वर जमले होते. मामा रकाना भरायला बसले आणि अडले.

"यात त्याचे स्वतःचे किती?"

"माहीत नाही. त्याने लोकांकडून जमवलेत."

मामांचं पेन हवेत थांबलं. "जमवलेत? म्हणजे वर्गणी?"

मी हो म्हणालो. मामांच्या चेहऱ्यावर पन्नास वर्षांपूर्वीची मंगळवार पेठ उतरलेली मी पाहिली.

१५ जूनला त्या पोराने खासदारांना उघडं पत्र लिहिलं. शाळेतल्या मोफत जेवणाऐवजी मिळणारी कुपनं उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद करायचं सरकारने ठरवलं होतं, ती चालू ठेवा म्हणून. आपल्या आईचं, सकाळच्या न्याहारीच्या क्लबचं, शेजाऱ्यांच्या हातून खाल्लेल्या घासांचं त्यात लिहिलं होतं. सरकार नाही म्हणालं. मामा खुर्चीच्या टोकावर सरकले. आपल्या पेठेच्या सामन्यालाही ते एवढे पुढे सरकलेले मी पाहिले नव्हते. "आता बघ," ते म्हणाले. "त्याने बरोबर दुकान निवडलंय. सगळ्यात रुंद शटर. आणि गिऱ्हाइकं ऐकतायत."

दुसऱ्या दिवशी सरकार हो म्हणालं. पंतप्रधानांनी त्याला फोन केला. इंग्लंडमधली सुमारे १३ लाख मुलं, आठवड्याला १५ पौंड, सहा आठवडे. सरकारने १२ कोटी पौंड असा आकडा सांगितला. मामांनी पडताळला: पंधरा सक नव्वद, गुणिले तेरा लाख, अकरा कोटी सत्तर लाख. "तीस लाख वरखर्च," असं म्हणून त्यांनी तो मान्य केला. टक्क्यांच्या रकान्याशी आले आणि परत अडले. बारा कोटी त्याने दिलेले नव्हते, त्याचे नव्हते, त्याच्या पगाराने त्याला भागता येत नव्हतं. शेवटी रकान्यावर आडवी रेघ मारून त्यांनी शेरा लिहिला. पलीकडच्या पेठेतल्या माणसाबद्दल मामांनी लिहिलेलं हे एकमेव बरं वाक्य आहे: पावतीपुस्तक देण्यास हरकत नाही.

ऑक्टोबरात सुट्टीतल्या जेवणाचा प्रश्न परत आला आणि २१ तारखेला संसदेने ते चालू ठेवण्याचा प्रस्ताव ३२२ विरुद्ध २६१ मतांनी फेटाळला. त्यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. छोटी उपाहारगृहं, चहाची दुकानं, नगरपालिका, कोणी कोणाला न विचारता मुलांना फुकट जेवण देऊ लागली आणि रॅशफर्ड एकेकाचं नाव ट्विटरवर टाकत बसला. आमच्या कोपऱ्यावरच्या मासे-चिप्सच्या दुकानदाराने काचेवर हाताने लिहून चिठ्ठी लावली: मुलांनी आत यावं, काही विचारणार नाही. स्वतःच वर्षभर तोट्यात असलेला माणूस. मामा काचेसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता भागाकार. पण त्यांनी फक्त शटर किती रुंद आहे ते पाहिलं. फार रुंद नव्हतं. नोव्हेंबरात सरकारने पुन्हा माघार घेतली.

त्याच महिन्यात मी परत आलो.

जानेवारी २०२१ मध्ये एके रात्री मामांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे पुन्हा टाळेबंदी, शाळा पुन्हा बंद. या वेळी काही शाळांनी कुपनांऐवजी शिध्याची पाकिटं दिली होती. एका आईने तिला मिळालेलं पाकीट जमिनीवर मांडून फोटो टाकला होता: एक ब्रेड, आठ चीजच्या चकत्या, दोन गाजरं, दोन केळी, तीन सफरचंदं, दोन बटाटे, एक टोमॅटो, बीन्सचा एक डबा, असलंच आणखी थोडं. हे ३० पौंडांच्या कुपनाऐवजी, असा तिचा समज होता. दुकानात याचे होतात ५ पौंड २२ पेन्स, असं तिने लिहिलं होतं. फोटो रॅशफर्डनेही पुढे पाठवला आणि देश पेटला.

मामांचा कोणाच्याही हिशेबावर विश्वास नाही. ते मास्क लावून स्वतः दुकानात गेले आणि फोटो बघून एकेक वस्तू घेऊन आले. माझ्या पडद्यावर मामींचं जेवणाचं टेबल होतं, त्यावर तोच शिधा, त्याच क्रमाने मांडलेला. मधोमध एकुलता एक टोमॅटो. शेजारी बिल.

"बाई बरोबर आहे," मामा म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "तिसात पाच बावीस. सतरा टक्के. सतरा! पस्तीसला पास असतं रे!"

दुसऱ्या दिवशी परत फोन. पाकिटं पुरवणाऱ्या कंपनीने खुलासा केला होता की ते पाकीट पाच दिवसांचं होतं आणि त्याची आकारणी ३० नव्हे, १० पौंड ५० पेन्स होती, बांधणी आणि वाहतूक धरून. मामांनी फेरतपासणी केली होती. "एकोणपन्नास पूर्णांक सात."

"म्हणजे पास की, मामा. सेकंड क्लास."

"पोराच्या ताटात सेकंड क्लास?" मामा ओरडले. मागे मामींनी दार लावून घेतल्याचा आवाज आला. "एवढं मोठं दुकान, आणि एक टोमॅटो?"

कंपनीने माफी मागितली. कुपनं पुन्हा सुरू झाली. त्या टोमॅटोचं मामींनी सार केलं आणि चीजच्या आठही चकत्या मामांनी खाल्ल्या. दोन केळी तर माझ्याशी बोलता बोलताच संपली. ते दुसरं केळं सोलत असताना मी त्यांना विचारलं, सामान आणलंच होतं तर ते दुकानाच्या दारातल्या फूड बँकेच्या टोपलीत का नाही टाकलं, आणि टाकलं असतं तर टक्के किती पडले असते.

मामांचा निकाल अजून राखीव आहे.